बुधवारी जग बंद असतं

दर बुधवारी पहाटे पाच ते नऊ
जग बंद असतं.
तसं आधीच कळवलेलं असतं, पिवळ्या अक्षरांत, नम्रपणे:
दुरुस्तीचं काम चालू राहील, तसदीबद्दल क्षमस्व.
पेपर मिल बंद केली तेव्हा
इतकंही कुणी म्हणालं नव्हतं.

पाचला पाच कमी असताना
मी कुऱ्हाड खांद्यावर टाकून सराईपाशी येतो,
घोडा बांधतो. बांधायची गरज नसते. तरी बांधतो.
एकेक जण विझत जातो:
लिस्बनची नर्स, जी तिथं बुटका लोहार आहे,
क्राकोवचे दोघे भाऊ, शेजारशेजारच्या खोल्यांत राहून
फक्त इथंच एकमेकांशी बोलणारे,
आणि राखकावळा. कुठला कोण जाणे,
सोळाचा असावा, कारण आई हाक मारते तेव्हा
माइक बंद करायला विसरतो.
"भेटू नऊला, म्हातारबा," तो म्हणतो.
गेल्या वर्षात मी चव्वेचाळीस अर्ज केले.
भेटू, असं उत्तर एकाचंही आलं नाही.

मग पडदा काळा होतो
आणि त्या काळ्यात स्वेटरला भोकं पडलेला
त्रेपन्न वर्षांचा एक माणूस
माझ्याकडे बघत बसतो.

सातू विचारते, फोनवर, ओउलूहून:
काय मिळतं बाबा तुला त्यात?
काय सांगू.
मिलमध्ये एकतीस वर्षं ओंडके पुढे सरकवले.
ओंडका गेला की गेला.
तिथं झाड पाडलं की डोक्यावर
हिरवा आकडा उमटतो, हळूच वर तरंगत जातो.
लाकूड अधिक एक. हातोटी अधिक एक.
कुणीतरी मोजतंय.
देव मोजतो, असं पाद्री म्हणायचा,
पण त्यानं आकडा कधी दाखवला नाही.
आणि नेहमी थोडंच उरलेलं असतं.
नव्वद झाले की झोपतो.
नव्वदला वाटतं, आता शंभराला दहाच तर.

सातूला मुलगी झाली त्या रात्री
आम्ही अजगराच्या गुहेत होतो, चोवीस जण.
पुढची ढाल माझ्याकडे. ढाल टाकून कसं उठणार?
सकाळी फोनवर अकरा मिस्ड कॉल.
अजगर मेला होता.
मला त्याचा एक दात मिळाला.
तो विकता येत नाही, कुणाला देता येत नाही,
खेळात तशी सोयच नाही.

या बुधवारी मी बाहेर पडलो.
उणे एकोणीस. केमीत जानेवारीला सकाळ होत नाही,
काळोख पातळ होतो इतकंच, तोही दहानंतर.
समोरच्या बाईची घसरगाडी कलंडली होती,
बर्चची लाकडं बर्फभर.
सवयीनं मी तिच्या डोक्यावर बघितलं.
नाव तिथं असतं. मित्र असेल तर पांढरं, शत्रू असेल तर तांबडं.
काही नव्हतं. नुसती तोंडाची वाफ.
अकरा वर्षं समोर राहते.
नाव विचारावं लागतं, हे विसरूनच गेलो होतो.

"केर्तू," ती म्हणाली.

लाकडं तिच्या शेडमध्ये रचली.
पहिलं ठेवल्यावर मी थांबलो, खरंच थांबलो,
वर बघत.
तिला वाटलं, पाठ धरली.
मग माझं मीच मोजलं. एकसष्ट.
बोटात कुसळ शिरलं. तिनं सुई तापवून
काढायचा प्रयत्न केला, अर्धं निघालं.
कॉफी दिली, वेलचीचा पाव दिला,
म्हणाली, उद्या आणखी एक खेप येणार आहे, दोनला.
दोनला आमची गुहा असते.
बघतो, म्हणालो.
तिच्या भिंतीवर आठ बावन्न झाले होते.

नऊला घोडा होता तिथंच होता.
चालायची कळ डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली असते,
उरलेलं कुसळ नेमकं त्याच बोटात.
कळ दाबली की कळ येते.
दर पावलाला.
"म्हातारबा," राखकावळा विचारतो,
"आज इतका हळू का चालतोयस?"